गाडी मागून बसते तेव्हा

"गाडी मागनं लई बसतीया. जाड स्प्रिंगचं शॉकअप टाकू का?"

वैरागच्या कुठल्याही दुचाकी गॅरेजपुढे थोडा वेळ उभं राहिलं, की हा प्रश्न कानावर येतो. वैराग हे बार्शी-सोलापूर रस्त्यावरचं बाजाराचं गाव. रातंजन, सासुरे, मालवंडी, मुंगशी अशा गावांतली माणसं इथे येतात ती मोटारसायकलवर. जाताना मागे खताची गोणी असते, तुरीचं पोतं असतं, नाहीतर कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. कंपनीने ही गाडी एक माणूस मागे बसेल अशा हिशेबाने बनवलेली असते. शेतकरी तिच्याकडून छोट्या टेम्पोचं काम करून घेतो. त्यात रस्ते काळ्या मातीवरचे. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, एप्रिल-मे महिन्यांत आकसून तिला भेगा पडतात आणि तिच्यावरचं डांबर लाटांसारखं वर-खाली होतं.

तेव्हा प्रश्न रास्त आहे. पण उत्तर देण्याआधी गाडी नक्की का बसते ते पाहायला हवं. बसण्याची कारणं दोन-तीन असतात आणि दरवेळी औषध जाड स्प्रिंगच असतं असं नाही.

१. आधी हवा, मग शॉकअप

पैसे खर्च करण्यापूर्वी दोन गोष्टी फुकटात तपासता येतात. पहिली, मागच्या टायरची हवा. एकटा बसल्यावर किती आणि दोघे बसल्यावर किती, हे बहुतेक गाड्यांच्या चेनकव्हरवर किंवा माहितीपुस्तिकेत छापलेलं असतं, आणि दोन आकड्यांत बराच फरक असतो. ओझं घेऊन जाणारे बहुतेक जण एकट्याच्या हवेवरच गाडी हाकतात.

दुसरी गोष्ट चिमट्याची. मागचं चाक ज्या दोन हातांच्या लोखंडी चौकटीत धरलेलं असतं, तिला गॅरेजमध्ये चिमटा म्हणतात. हा चिमटा पुढच्या टोकाला, इंजिनच्या मागे, एका लांब बोल्टवर वर-खाली झुलतो. गाडी मेन स्टँडवर घ्या, मागचं चाक दोन्ही हातांनी धरा आणि आडवं हलवा. खटखट वाजलं, तर चिमट्याचे बुश किंवा चाकाचे बेअरिंग गेलेले आहेत. अशा गाडीला कितीही भारी शॉकअप टाकले तरी ती वळणावर शेपूट हलवतच राहणार.

मोटारसायकलला मागे झुलता चिमटा असणं ही आज गृहीत धरलेली गोष्ट आहे, पण ती फार जुनी नाही. रॉयल एनफिल्डच्या बुलेटमध्ये ती इंग्लंडात १९४९ च्या सुमाराला आली. तीच बुलेट १९५५ पासून मद्रासला जोडली जाऊ लागली. त्याआधी बऱ्याच गाड्यांचं मागचं चाक सांगाड्यालाच पक्कं आवळलेलं असायचं. खड्ड्याचा सगळा दणका चालवणाऱ्याच्या कमरेला बसू नये म्हणून खोगिराखाली तेवढ्या दोन स्प्रिंगा असायच्या.

२. स्प्रिंगचं काम: वजन पेलणं

शॉकअप हा एकच भाग दिसतो, पण त्यात दोन वेगळी यंत्रं एकात एक बसवलेली असतात. बाहेरून दिसते ती स्प्रिंग. आत नळी, दांडा आणि तेल असतं. दोघांची कामं वेगळी आहेत, आणि ही फोड मनात पक्की झाली की पुढचं सगळं सोपं आहे.

स्प्रिंग फक्त वजन पेलते. तिचा नियम रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ मध्ये प्रसिद्ध केला: वजन दुप्पट केलं की स्प्रिंग दुप्पट दबते. हिशेब करून पाहू. समजा, तुमच्या गाडीचे मागचे दोन्ही शॉकअप मिळून एक मिलिमीटर दबायला ४ किलो वजन लागतं, आणि मागचं चाक एकूण ८० मिलिमीटर वर-खाली होऊ शकतं. गाडीच्या स्वतःच्या वजनातलं सुमारे ४५ किलो मागच्या स्प्रिंगांवर येतं असं धरा. चालवणारा ६५ किलोचा, त्यातलेही ४५ मागे येतात. एकूण ९० किलो. म्हणजे माणूस बसल्यावर गाडी साधारण २३ मिलिमीटर दबेल. ८० पैकी २३ म्हणजे तिसऱ्या हिश्शाच्या थोडं आत, आणि ते योग्य आहे. सगळ्या जगात मेकॅनिक हाच अंदाज वापरतात: चालवणारा बसल्यावर एकूण हालचालीच्या पाव ते एक-तृतीयांश गाडी दबावी.

आता कॅन लावा. चाळीस लिटरचे दोन. लिटरभर दूध किलोपेक्षा किंचित जड असतं, म्हणून ८२ किलो दूध आणि वर रिकाम्या कॅनचं मिळून पंधरा-सोळा किलो. अठ्ठ्याण्णव किलो धरा. ते सगळं मागेच येतं. कॅन चाकाच्या आसाच्याही मागे लटकत असतील तर थोडं जास्तच येतं आणि पुढचं चाक हलकं होतं. गाडी आणखी चोवीस-पंचवीस मिलिमीटर बसते. एकूण ४७. खड्ड्यासाठी उरले ३३. एखाद्या मोठ्या खड्ड्यात ते संपतात आणि लोखंडावर लोखंड आदळल्याचा तो धडाम् आवाज येतो.

मग जाड स्प्रिंगने काय होईल? इथे एक आकडा बहुतेकांना चकवतो. स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. सात मिलिमीटर तारेऐवजी आठ मिलिमीटरची घेतली, वेढे आणि घेर तेवढेच ठेवले, तर ताठपणा ८/७ पट होत नाही. ८/७ ला चार वेळा गुणायचं, म्हणजे तो सुमारे १.७ पट होतो. डोळ्यांना जेमतेम जाणवणारा एक मिलिमीटर गाडीचा स्वभाव पालटून टाकतो. आपल्या उदाहरणात ४ किलोचे ६.८ किलो झाले. कॅन लावल्यावर गाडी पंचवीसऐवजी चौदा-पंधरा मिलिमीटरच दबेल, हे छान. पण दूध घालून रिकाम्या कॅनने परत येताना काय? एकट्या माणसाने गाडी २३ ऐवजी फक्त १३ मिलिमीटर दबते, आणि प्रत्येक गचका मणक्यात जातो.

वेढ्यांचं गणित उलटं आहे. वेढे जितके कमी, तितकी स्प्रिंग ताठ. म्हणून दुकानात दोन स्प्रिंगांची तुलना करताना तारेची जाडी, वेढ्यांचा घेर आणि वेढ्यांची संख्या या तिन्ही गोष्टी पाहायच्या. 'हेवी' असं डब्यावर छापलेलं असणं ही चौथी गोष्ट नव्हे.

३. तेलाचं काम: उसळी मारून टाकणं

नुसती स्प्रिंग लावलेली गाडी चालवून पाहायची तुमच्यावर वेळ येऊ नये. स्प्रिंग जे घेते ते परत देते. खड्ड्याने तिला दाबलं की ती तितक्याच जोराने गाडी वर फेकते, मग गाडी खाली, पुन्हा वर. ही उसळी कुणीतरी गिळायला हवी, आणि ते काम आतलं तेल करतं.

रंगपंचमीची पिचकारी आठवा. दांडा सावकाश दाबला तर पाणी गुमान बाहेर येतं. जोर लावून एकदम दाबला तर दांडा अडतो, कारण एवढ्याशा भोकातून तेवढं पाणी एकदम जाऊ शकत नाही. शॉकअपच्या नळीतही दांड्याच्या टोकाला भोकं असलेली चकती असते आणि तेलाला त्या भोकांतून जावं लागतं. हालचाल जितकी वेगात, अडवणूक तितकी जास्त. शिवाय चकतीवर पातळ झडपा असतात. त्यांमुळे दबताना तेल तुलनेने सहज जातं आणि शॉकअप परत उघडताना त्याला जास्त अडवलं जातं. चाक खड्ड्याच्या काठावरून पटकन वर जायला हवं, पण स्प्रिंगने गाडी वर फेकायला नको, म्हणून ही व्यवस्था.

गिळलेल्या उसळीची उष्णता होते. खराब रस्त्यावर दहा-बारा किलोमीटर चालवून शॉकअपच्या नळीला हात लावला, तर ती कोमट लागते. तेल तापलं की पातळ होतं आणि त्यात हवेचे बुडबुडे मिसळून फेस होतो. फेस भोकांतून बिनविरोध निघून जातो, म्हणून लांबच्या खराब रस्त्यावर गाडी शेवटी-शेवटी जास्त उसळते. फेस होऊ नये म्हणून तेलावर नायट्रोजन वायूचा दाब ठेवायचा, हा गॅसच्या शॉकअपमागचा सगळा विचार. वायू गाडीचं वजन पेलतो असं बरेच जण समजतात. तसं नाही, वजन स्प्रिंगच पेलते.

तेलाची परीक्षा सोपी आहे. गाडी स्टँडवरून उतरवा, सीटच्या मागच्या टोकावर दोन्ही हातांनी जोर देऊन दाबा आणि सोडा. वर येऊन थांबली तर तेल ठीक. दोन-तीन वेळा डोलली तर तेल गेलं. डोळ्यांनीही कळतं: स्प्रिंगच्या वेढ्यांमधून आतला चकचकीत दांडा पाहा. सील फुटलेला असला की दांड्याभोवती तेल झिरपतं, त्यावर रस्त्याची धूळ बसते आणि काळा चिकट थर जमतो. नखाने खरवडला तर नखाखाली राहतो, नुसती धूळ तशी राहत नाही.

आता मूळ प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं. गाडी उभ्या उभ्याच बसलेली असेल, तर दोष स्प्रिंगचा. उभी नीट असेल पण चालताना डोलत असेल, तर दोष तेलाचा. जुन्या, तेल गेलेल्या नळीवर नुसती जाड स्प्रिंग चढवणं हा सगळ्यांत वाईट उपाय. ताठ स्प्रिंगची उसळी मोठी, आणि ती गिळायला आत कुणी नाही.

४. पाच खाचांचा गैरसमज

बऱ्याच शॉकअपच्या खाली खाचा असलेली एक कडी असते. गाडीसोबत मिळणाऱ्या वाकड्या पान्याने ती फिरवता येते. "शेवटच्या खाचेवर टाक, कडक होईल," असं सर्रास म्हणतात. खाच बदलल्याने स्प्रिंग कडक होत नाही. तारेची जाडी तीच, वेढे तेच, मग ताठपणा कसा बदलेल? खाच फक्त स्प्रिंगला आधीच थोडी दाबून ठेवते, त्यामुळे गाडी मागून उंच उभी राहते.

आपल्याच आकड्यांवर पाहू. पहिल्या आणि शेवटच्या खाचेत समजा १२ मिलिमीटरचा फरक आहे. एकट्या माणसाने गाडी २३ ऐवजी ११ मिलिमीटरवर थांबेल आणि कॅन लावल्यावर ४७ ऐवजी ३५ वर. कॅनमुळे पडलेला फरक मात्र पूर्वीइतकाच, चोवीस. म्हणजे ओझ्यासाठी खाच चढवणं बरोबरच आहे, नवीन काही घेण्याआधी तेच करावं. पण ओझं उतरल्यावर खाचही उतरवावी. नाहीतर चाकाला खाली जायला अकराच मिलिमीटर उरतात, आणि खड्ड्यावरून जाताना ते जमिनीवर टेकण्याऐवजी हवेत राहतं. हवेतल्या चाकाला ब्रेक लागत नाही.

हा खटाटोप रोज कोण करणार, हे मलाही कळतं. मग निदान ज्या कामासाठी गाडी आठवड्यातले जास्त दिवस चालते, त्या कामाची खाच ठेवा, आणि दोन्ही बाजूंना एकच.

५. दुकानात काय पाहायचं

महाराष्ट्रात शॉकअप बनवणाऱ्यांची कमी नाही. गॅब्रिएल इंडिया ही कंपनी १९६१ मध्ये मुंबईच्या मुलुंडला सुरू झाली. वाळूजची एन्ड्युरन्स कंपनी दुचाकींच्या कारखान्यांना शॉकअप पुरवते. पण डब्यावर कुणाचंही नाव असलं, तरी मापं तुम्हालाच जुळवायची आहेत.

सगळ्यांत महत्त्वाचं माप म्हणजे वरच्या भोकाच्या मध्यापासून खालच्या भोकाच्या मध्यापर्यंतची लांबी. जुना शॉकअप काढून सपाट जागी ठेवून मोजा. नवा दहा-पंधरा मिलिमीटरने लांब घेतला तर गाडी मागून उचलली जाते आणि पुढचा फोर्क जास्त उभा होतो. हँडल हलकं लागतं, वेगात मात्र ते थरथरू लागतं. साइड स्टँड आखूड पडतो आणि भरल्या कॅनची गाडी उभी केल्या केल्या आडवी होते. शॉकअप आखूड घेतला तर ओझ्याखाली टायर मडगार्डला घासतो.

त्यानंतर टोकं. वर-खाली दोन्हीकडे गोल कडी आहे, की खाली दोन कानांचा चिमटीसारखा भाग आहे, बुशच्या भोकाचा व्यास किती, हे पाहा. भोक मोठं आणि बोल्ट बारीक असं झालं तर मध्ये पत्र्याची पट्टी गुंडाळून काम भागवणारे भेटतील. त्यांना नमस्कार करून पुढच्या दुकानात जा.

शॉकअपला जोडलेली रंगीत डबी हा स्वतंत्र विषय आहे. खऱ्या गॅसच्या शॉकअपमध्ये त्या डबीत दाबाखालचा वायू असतो. स्वस्तातल्या पुष्कळ नगांमध्ये ती डबी नुसती शोभेची असते. आतून नळीला जोडलेलीच नसते. शोभा हवी असेल तर जरूर घ्या, पण सुधारणा म्हणून पैसे मोजू नका. आणि डबी खरी असेल तर ती कधीही उघडू नका, तापवू नका, जवळ वेल्डिंग करू नका.

६. बसवताना

एवढं झालं की बसवणं हे तासाभराचं काम आहे, आणि त्यातली अर्धी लढाई गंजलेल्या खालच्या बोल्टशी असते. मागच्या चाकाने उडवलेला सगळा चिखल त्याच बोल्टवर येतो. आदल्या रात्री तारेच्या ब्रशने तो साफ करून गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं, तर सकाळी पाना घसरत नाही. रिंग पाना किंवा गोटी पाना वापरा. उघड्या तोंडाच्या पान्याने नटचे कोपरे गोल होतात.

गाडी मेन स्टँडवर घ्या. दोन्ही शॉकअप एकदम काढू नका. हा नियम मोडला की चिमटा चाकासकट खाली पडतो, आणि मग एका हाताने चाक उचलत दुसऱ्या हाताने भोकं जुळवण्याची सर्कस होते. एक बाजू काढून नवा लावा, मग दुसरी. जुना शॉकअप चिमट्याला जागच्या जागी धरून ठेवतो, त्यामुळे नवा त्याच्या जागी सरळ सरकतो. भोक थोडं जुळत नसेल तर चाकाखाली लाकडी फळी सरकवून चाक केसभर उचला. हातोडीने बोल्ट ठोकून आटे खराब करू नका. काही गाड्यांत उजवीकडचा खालचा बोल्ट सायलेन्सरमागे लपतो. तिथे सायलेन्सरचा एक बोल्ट सैल केल्याशिवाय इलाज नाही.

नवा शॉकअप लावण्याआधी उभा धरून, स्प्रिंगसकट शक्य तितका, पाच-सहा वेळा दाबून सोडा. दुकानात तो आडवा पडलेला असतो, आतली हवा चुकीच्या जागी गेलेली असते. असं केल्याने ती वर येते. साध्या, डबी नसलेल्या शॉकअपमध्ये वरची बाजू खाली करून लावणं टाळा. आत तेलाऐवजी हवा ओढली जाते.

एक बारकावा घाईत हमखास सुटतो. दोन्ही टोकांना रबराचे बुश असतात. गाडी स्टँडवर टांगलेली असताना बोल्ट पूर्ण आवळले, तर रबर त्या लोंबत्या स्थितीत पकडलं जातं आणि गाडी जमिनीवर आली की कायमचं पिळलेलं राहतं. असे बुश लवकर फाटतात. म्हणून बोल्ट आधी हाताने बसवा, गाडी स्टँडवरून उतरवा, कुणाला तरी सीटवर बसवा आणि मग शेवटचा आवळा मारा. घाईतला मेकॅनिक म्हणेल, "मालक, एवढं कोण करतंय?" त्याला हसून सांगा, आपण करतोय.

मग दाबून पाहा, जवळच्या जवळ एक फेरी मारा, आणि आठवड्याभराने बोल्टवर पुन्हा पाना लावून पाहा.

७. चेन, ब्रेक, दिवा आणि बर्फावरची गाडी

शॉकअप बदलला आणि चेन तशीच ठेवली, तर काम अर्धवट राहिलं. इंजिनची छोटी दातेरी चकती, चिमट्याचा बोल्ट आणि मागच्या चाकाचा आस हे तीन बिंदू एका रेषेत आले की चेन सगळ्यांत ताणली जाते. गाडीची मागची उंची बदलली की या रेषेपासूनचं अंतर बदलतं. म्हणून चेनची ढिलाई, साधारण दोन ते तीन सेंटिमीटर, गाडीवर माणूस बसवून तपासायची. स्टँडवर बरोबर वाटलेली चेन ओझ्याखाली तंग होऊन बेअरिंग खाते.

जगाच्या दुसऱ्या टोकाला हाच पेच बर्फावर चालणाऱ्या गाडीला आहे. गुलमर्गला गेलेल्या पर्यटकांनी ती पाहिली असेल: पुढे दोन पट्ट्या, मागे रबराचा रुंद फिरता पट्टा. कॅनडातल्या क्यूबेकमधल्या व्हॅल्कोर्ट गावच्या जोसेफ-आर्मांड बॉम्बार्डिए यांनी अशा पट्ट्याच्या रचनेचं पेटंट १९३७ मध्ये मिळवलं, आणि १९५९ मध्ये त्यांच्या कंपनीची स्की-डू बाजारात आली. तिथले शौकीन मागचं सगळं सस्पेन्शनच बदलून घेतात. ते पट्ट्याच्या पोटात असतं. पट्ट्याचा ताण सैल करायचा, बाजूचे बोल्ट काढायचे, गाडी कुशीवर कलती करायची आणि तो सांगाडा ओढून बाहेर घ्यायचा. नव्या सांगाड्याची भोकं जुळत नसतील तर गाडीच्या पत्र्याला मापाने नवी पाडावी लागतात. हे सगळं झाल्यावर पट्ट्याचा ताण आणि माणूस बसल्यावर गाडी किती दबते, ते दोन्ही नव्याने जुळवल्याशिवाय ती बाहेर काढत नाहीत. आपल्याकडची चेन आणि त्यांचा पट्टा, हिशेब एकच.

ड्रम ब्रेकची दांडीही पाहून घ्या, तिचा खेळ बदललेला असू शकतो. आणि हेडलाइट. मागून बसलेल्या गाडीचा दिवा आभाळाकडे पाहतो आणि समोरच्याच्या डोळ्यांवर जातो. शॉकअप बदलल्यावर तो भिंतीसमोर, नेहमीच्या ओझ्यासकट गाडी उभी करून नव्याने लावावा. उसाच्या हंगामात रात्री ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर असतात तेव्हा याचं मोल कळतं.

८. कायदा, आणि गाडीची मर्यादा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने नोंदवलेल्या मूळ तपशिलापासून वेगळा ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. झिजलेल्या शॉकअपच्या जागी त्याच मापाचा दुसरा लावणं ही दुरुस्ती आहे. चिमटा कापून लांब करणं, सांगाड्याला नवे कान वेल्ड करणं ही दुरुस्ती नव्हे.

आणि जाड स्प्रिंगने गाडीची ताकद वाढत नाही. शंभर सीसीच्या गाड्यांची वजनाची मर्यादा, चालवणाऱ्यासकट, साधारण १३० ते १५० किलोच्या आसपास असते. नेमका आकडा माहितीपुस्तिकेत पाहावा. आपल्या हिशेबातला ६५ किलोचा माणूस आणि ९८ किलोचे कॅन मिळून १६३ होतात. मऊ स्प्रिंग निदान बसून सांगते की ओझं जास्त झालं. ताठ स्प्रिंग सांगत नाही, आणि तो भार चाकाचे आरे, बेअरिंग आणि सांगाड्याचे जोड मुकाट्याने सोसतात, तुटेपर्यंत.

तेव्हा तेल गेलं असेल तर शॉकअप जोडीने बदला, एकच नको. ओझं रोजचंच असेल तर स्प्रिंग थोडी ताठ घ्या, फार नको. आणि दुकानात जाताना जुना शॉकअप हातात घेऊन जा. कागदावर स्वतःचं वजन आणि मागे किती किलो बांधता तेही लिहून न्या. दुकानदाराने गाडीचं नाव विचारण्याआधी ते दोन आकडे त्याच्यापुढे ठेवा.